शक्तितः तप, शक्तितः त्याग : श्राविकेचे आत्मबल

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



कोणत्याही संस्थेचा पन्नास वर्षांचा इतिहास लिहावयास घेतला की जागा कोणी दिली, शिलान्यास कोणाच्या हस्ते झाला, कळस कोणी चढविला आणि ध्वजेची बोली कोणी घेतली, याच्या नोंदी तत्काळ हाती लागतात. त्या कार्यालयाच्या वहीत असतात आणि संगमरवरी पाटीवर कोरलेल्याही असतात. पर्युषणातल्या पारण्याच्या दिवशी पहाटे चार वाजता पाणी कोणी गाळले आणि मुगाचे पाणी कोणी शिजविले, याची नोंद मात्र कोणत्याच वहीत सापडत नाही. ज्यांची नोंद नाही अशा भगिनींविषयीच आजचा विषय आहे. त्यांची केवळ स्तुती करून थांबणे हा मात्र त्यामागील हेतू नाही. स्तुती आजवर पुष्कळ झाली आहे. 'गृहलक्ष्मी' आणि 'त्यागमूर्ती' ही विशेषणे प्रत्येक समारंभात उधळली जातात, आणि समारंभ संपला की त्यागमूर्ती पुन्हा भांडी आवरावयास जातात.

प्रश्न वेगळाच आहे. श्राविका दुसऱ्यांची जी काळजी घेते, तिच्यातील काही अंश तिने स्वतःसाठी राखून ठेवावा काय? ठेवला तर तो स्वार्थ ठरतो काय? जैन दर्शन याविषयी काय सांगते? या प्रश्नाचे उत्तर शास्त्रात शोधण्यापूर्वी एका सामान्य व्यापारी घरातील संध्याकाळ डोळ्यांसमोर आणावी.

पेठेतील दुकान रात्री साडेआठपर्यंत उघडे असते. घरात चौविहार पाळला जातो, म्हणून साडेपाचला दुकानात डबा पोहोचला पाहिजे. सासूबाईंची पथ्याची भाकरी निराळी असते. मुले शिकवणीहून सहा वाजता येतात, त्यांना गरम पोळी हवी. हिवाळ्यात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. सर्वांची पाने वाढून होतात आणि घरची सून स्वतःचे ताट घेऊन बसणार, तोच खिडकीबाहेर अंधार पडलेला असतो. ती ताट झाकून ठेवते. कोणी विचारलेच तर म्हणते, "आज भूकच नव्हती." असे महिन्यातून एकदा घडले तर त्यात विशेष काही नाही. परंतु अनेक घरांत ते आठवड्यातून तीन-चार वेळा घडते, वर्षानुवर्षे घडत राहते आणि घरातील कोणाच्याही ते लक्षात येत नाही. पुढे एखाद्या दिवशी कोणी कौतुकाने म्हणते, "आमच्या सूनबाई फार तपस्वी आहेत."

हे तप आहे काय? शास्त्राच्या कसोटीवर तपासले तर नाही. उपवास प्रत्याख्यानपूर्वक होतो. आज मी अमुक आहाराचा अमुक काळापर्यंत त्याग करीत आहे, हा जाणीवपूर्वक घेतलेला संकल्प म्हणजे प्रत्याख्यान, ज्याला बोलीत आपण पच्चक्खाण म्हणतो. संकल्प नसेल तर ती केवळ उपासमार होय. सकाम निर्जरा आणि अकाम निर्जरा यांतील भेद प्रत्येक पाठशाळेत शिकविला जातो. नाइलाजाने सोसलेली भूक अकाम निर्जरेत जमा होते. तपस्विनीने जेवण सोडलेले असते, त्या सुनेच्या बाबतीत मात्र जेवणच हातातून सुटलेले असते. बाहेरून दोघींचे ताट सारखेच रिकामे दिसते. पहिलीच्या रिकाम्या ताटामागे निर्णय असतो, दुसरीच्या ताटामागे तो नसतो. ज्या वैयक्तिक नेतृत्वाची चर्चा हल्ली व्याख्यानांतून ऐकू येते, त्याचा उगम याच ठिकाणी आहे. दुसऱ्यांचे नेतृत्व हा फार पुढचा टप्पा झाला. आपल्या देहाचे, वेळेचे आणि संकल्पाचे स्वामित्व आधी स्वतःकडे असावे लागते.

तत्त्वार्थसूत्र हा ग्रंथ दिगंबर आणि श्वेतांबर दोन्ही परंपरांना मान्य आहे. त्याच्या सहाव्या अध्यायात तीर्थंकर नामकर्माच्या बंधाची सोळा कारणे सांगितली आहेत. सोळाकारण व्रत करणाऱ्या भगिनींना ती मुखोद्गत असतात. त्या सोळांत त्याग आणि तप ही दोन्ही येतात, मात्र दोहोंच्या मागे 'शक्तितः' हा शब्द आहे. म्हणजे आपल्या शक्तीनुसार. शक्ती लपवून तपात चुकारपणा करू नये, हा त्याचा एक अर्थ आणि तो प्रवचनांतून वारंवार सांगितला जातो. शक्तीच्या पलीकडे देह ओढून नेऊ नये, हा दुसरा अर्थही त्याच शब्दात आहे. तो तितक्या आग्रहाने सांगितला जात नाही. शक्तीनुसार करावयाचे तर आपली शक्ती किती, हे प्रथम ठाऊक हवे. दुकानात किती माल शिल्लक आहे हे न पाहता ऑर्डर घेणाऱ्या व्यापाऱ्यास कोणी उदार म्हणत नाही.

ही शक्ती मोजण्याचे एक साधन आज प्रत्येक तालुक्याच्या गावी उपलब्ध आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ मधील पाचव्या फेरीनुसार महाराष्ट्रातील १५ ते ४९ वर्षे वयाच्या स्त्रियांपैकी ५४.२ टक्के स्त्रियांच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी आढळले. आधीच्या फेरीत हे प्रमाण ४८ टक्के होते, म्हणजे स्थिती सुधारण्याऐवजी बिघडली. गर्भवती नसलेल्या स्त्रीच्या रक्तात दर डेसिलिटरला १२ ग्रॅमपेक्षा कमी हिमोग्लोबिन असेल, तर तिला रक्तक्षय आहे असे मानतात. हे आकडे सर्व समाजांचे मिळून आहेत. परंतु जैन घरे त्यास अपवाद असतील असे मानण्यास आधार नाही. चातुर्मासात पालेभाजी वर्ज्य, तिथीस हिरवी भाजी वर्ज्य, अनेक घरांत मोड आलेले धान्यही वर्ज्य. हे नियम श्रद्धेचे आहेत आणि ते पाळलेच पाहिजेत. पण पालेभाजी सुटली की तिची भरपाई अख्ख्या कडधान्यांनी, नाचणीने, तिळाने, खारकेने केली पाहिजे, हे भानही नियम घेतानाच असावे. जेवणाबरोबर चहा घेतल्याने अन्नातील लोह शरीराला कमी मिळते आणि लिंबू पिळल्याने अधिक मिळते, एवढी साधी गोष्ट अनेक घरांत ठाऊक नसते. ब-१२ हे जीवनसत्त्व वनस्पतिजन्य अन्नात जवळपास नसते. दूध-दह्यातून ते काही प्रमाणात मिळते, आणि घरातील दूध-दही वाटताना शेवटचा वाटा कोणाचा असतो, हे सांगावयास नको.

एखादी भगिनी अशक्त रक्तावर अठाई करते, आठव्या दिवशी तिला भोवळ येते, तरी वरघोड्यात तिला रथात बसवून मिरवितात. तिच्या श्रद्धेला वंदन असो. पण आषाढ महिन्यात कोणी तिचे रक्त तपासून घेतले असते, तीन महिने औषध दिले असते, तर हीच अठाई तिने पुढील वर्षी प्रसन्न चित्ताने केली असती. याचा दोष तिच्या माथी मारता येणार नाही. विचारणारे कोणी नव्हते आणि स्वतःसाठी विचारावे असे तिला कोणी शिकविले नव्हते.

विचारण्याची परंपरा मात्र आपल्या शासनात फार जुनी आहे. श्वेतांबर आगमांतील भगवतीसूत्राच्या बाराव्या शतकात (येथे शतक म्हणजे प्रकरण) जयंती श्राविकेची कथा येते. कौशांबीचा राजा उदयन याची ती आत्या, आणि राणी मृगावतीची नणंद. कौशांबीत येणाऱ्या श्रमणांना उतरण्यासाठी जागा देणारी म्हणून तिची ख्याती होती. भगवान महावीरांचे समवसरण कौशांबीस झाले तेव्हा नणंद-भावजय दोघी दर्शनास गेल्या. देशना संपली, सभा पांगली, आणि जयंतीने प्रश्न विचारावयास आरंभ केला. जीव जड कशाने होतो? भव्यत्व स्वभावतः असते की परिणामाने येते? सर्व भव्य जीव मोक्षास गेले तर संसार रिकामा होईल काय? हे प्रश्न एखाद्या पंडिताने विचारावेत असे आहेत.

त्यानंतरचे तीन प्रश्न आजच्या विषयास थेट भिडतात. जीवाने झोपलेले असणे चांगले की जागे असणे? दुर्बळ असणे चांगले की सबळ असणे? आळशी असणे चांगले की उद्यमी? भगवंतांनी तिन्ही प्रश्नांची उत्तरे अनेकान्ताच्या रीतीने दिली. अधर्माने वागणारा जीव झोपलेला, दुर्बळ व आळशी असलेलाच बरा, कारण तेवढ्याने इतर प्राण्यांना पीडा कमी होते. धर्माने वागणारा जीव मात्र जागा, सबळ व उद्यमी असावा, कारण त्याच्या बळाने स्वतःचे व इतरांचेही कल्याण होते.

आता या उत्तराचा अर्थ आपल्या घरात लावून पाहावा. धर्मपरायण श्राविका दुर्बळ राहिली तर तो तिचा विनय ठरत नाही. ते तिच्या कुटुंबाचे आणि संघाचे नुकसान आहे. तिचे बळ वाढावे अशीच शासनाची अपेक्षा आहे. उद्यमी जीवाच्या उत्तरात वैयावृत्त्याचाही उल्लेख येतो. आचार्य, उपाध्याय, स्थविर, तपस्वी यांच्याबरोबर ग्लान म्हणजे आजारी व्यक्तीची सेवाही त्यात गणली आहे. घरातील स्त्री आयुष्यभर इतरांचे वैयावृत्त्य करते. ती स्वतः ग्लान होते तेव्हा तिचे वैयावृत्त्य कोणाच्या वाट्याला येते? ती तापाने फणफणत असताना स्वयंपाकघरात उभी असेल, तर त्या घराने वैयावृत्त्याचा अर्थ अर्धाच शिकलेला आहे. सेवा करणे हे जसे तप आहे तसे योग्य वेळी सेवा स्वीकारणे हाही अहंकारावरचा विजय आहे, आणि तो बहुतेक भगिनींना फार जड जातो.

इतिहासात अशा सबळ श्राविका होऊन गेल्या काय? एक उदाहरण कर्नाटकातील आहे. दक्षिण महाराष्ट्रातील जैन कुटुंबांचे त्या प्रदेशाशी जुने नाते असल्याने ते परके वाटू नये. दहाव्या शतकाच्या उत्तरार्धात, कल्याणीच्या चालुक्यांच्या काळात, सेनापती मल्लपय्या यांच्या दोन कन्या, अत्तिमब्बे आणि गुंडमब्बे, एकाच पुरुषास, नागदेव या सेनानीस, दिलेल्या होत्या. नागदेव रणात पडला. धाकट्या गुंडमब्बेने सहगमन केले. थोरल्या अत्तिमब्बेच्या पुढेही तोच मार्ग होता आणि त्या काळी त्याच मार्गाला प्रतिष्ठा होती. तिने जगावयाचे ठरविले. अण्णिगदेव हा पुत्र लहान होता, त्याला तिने वाढविले. व्रतस्थ राहिली, पण कोपऱ्यात बसली नाही.

पुढे तिने जे केले ते व्यवहार जाणणाऱ्या मनुष्यास थक्क करणारे आहे. महाकवी पोन्न याच्या 'शांतिपुराण' या ग्रंथाच्या प्रती दुर्मिळ होऊ लागल्या होत्या. अत्तिमब्बेने त्याच्या एक हजार ताडपत्री प्रती लिहवून घेतल्या आणि वाटल्या. मुद्रणयंत्र नसलेल्या युगात हजार प्रती म्हणजे काय, याचा विचार करावा. ताडपत्रे आणावयाची, ती सुकवून, सारखी कापून, तयार करावयाची, लेखनिक नेमावयाचे, त्यांच्या भोजनाची व वेतनाची सोय लावावयाची, शुद्धाशुद्ध तपासावयाचे आणि तयार प्रती गावोगावी पोहोचवावयाच्या. दानासाठी धन लागते हे सर्वांना दिसते, इतके मोठे दान पार पाडण्यासाठी लागणारी व्यवस्था कोणाला दिसत नाही. रन्न कवीने ९९३ साली तिच्याच आश्रयाने 'अजितपुराण' रचले. गदगजवळील लक्कुंडी येथे १००७ साली तिने उभारलेले जिनालय व त्याचा शिलालेख आजही आहे. तिने दीड हजार जिनप्रतिमा दान केल्याचेही सांगितले जाते. 'दानचिंतामणी' ही तिची पदवी. एका बहिणीने देह टाकला, दुसरीने तो सांभाळला. त्या सांभाळलेल्या देहानेच कन्नड साहित्यातील एक महाकाव्य काळाच्या तोंडातून ओढून काढले. गुंडमब्बेविषयी अनादर नको, ती आपल्या काळाची लेक होती. पण लक्कुंडीचा दगड अत्तिमब्बेमुळे उभा आहे.

अलीकडच्या काळाकडे वळावे. मुंबईचे दानवीर शेठ माणिकचंद हिराचंद जव्हेरी यांची कन्या मगनबाई ऐन तारुण्यात विधवा झाल्या. श्रीमंत पित्याने मुलीला दागिन्यांऐवजी पुस्तके दिली, हे त्यांचे मोठेपण. मगनबाईंनी मुंबईत श्राविकाश्रम चालविला. सोलापूरच्या कंकुबाई आणि अंकलेश्वरच्या ललिताबाई या त्यांच्या सहकारिणी होत्या. विधवेचे तोंड पाहणे अशुभ मानण्याच्या त्या काळात विधवाच विधवांना अक्षर शिकवीत होत्या. बिहारमधील आरा येथे, बालपणीच वैधव्य आलेल्या पंडिता चंदाबाईंनी १९२१ साली जैन बाला विश्राम स्थापिला. सोलापूरच्या पद्मश्री पंडिता सुमतीबाई शहा यांचे नाव तर या भागातील जुन्या पिढीस सांगावयासच नको. पुणे जिल्ह्यातील चासकमान येथे १९३७ साली जन्मलेल्या, चौदाव्या वर्षी दीक्षा घेतलेल्या चंदनाजींनी राजगृहीच्या वीरायतनास आकार दिला, १९८७ साली त्यांना आचार्यपद मिळाले आणि २०२२ साली पद्मश्री. त्यांच्या काही निर्णयांविषयी समाजात मतभेद होते व राहतील. पण ज्यांच्या डोळ्यांवर तेथे शस्त्रक्रिया होऊन दिसू लागले, त्यांना त्या मतभेदाशी काय कर्तव्य?

या सर्वजणींत एक गोष्ट समान होती. त्यांनी आधी स्वतःला घडविले, अध्ययन केले, संस्था नंतर उभ्या राहिल्या.

आता एक अप्रिय विषय, जो स्मरणिकांत सहसा येत नाही. २००१ च्या जनगणनेनुसार जैन स्त्रियांतील साक्षरता ९०.६ टक्के होती, जेव्हा देशातील सर्व स्त्रियांची ५३.७ टक्के होती. याचा अभिमान सर्वांनाच वाटला. त्याच जनगणनेतील दुसरा आकडा मात्र कोणी फलकावर लिहिला नाही. कामकाजात सहभागी असलेल्या जैन स्त्रियांचे प्रमाण केवळ ९.२ टक्के, देशातील सहा प्रमुख धर्मसमुदायांत सर्वांत कमी. देशाची सरासरी २५.६ होती. अर्थात दुकानात दुपारी गल्ल्यावर बसणारी, साड्यांना फॉल लावून देणारी, दिवाळीत रात्री बारापर्यंत मालाच्या घड्या घालणारी स्त्रीही प्रगणकाला 'गृहिणी' म्हणूनच सांगितली जाते. पण हेच तर दुखणे आहे. काम आहे, त्याला नाव नाही.

याहून विचित्र प्रकार कागदोपत्री दिसतो. फर्म पत्नीच्या नावे, जीएसटी नोंदणी पत्नीच्या नावे, चेकवर सही पत्नीची, आणि बँकेत शिल्लक किती हे पत्नीला ठाऊक नाही. कोऱ्या चेकबुकावर एकदम सह्या घेऊन ठेवण्याची पद्धत तर घरोघरी आहे. पतीचे अकस्मात निधन झाले की तेराव्या दिवशी दारात येणारा देणेकरी आहे की घेणेकरी, हेही तिला ओळखता येत नाही. हिंदू उत्तराधिकार कायदा जैनांनाही लागू आहे. २००५ च्या दुरुस्तीने एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाप्रमाणेच जन्मतः हक्क मिळाला, आणि दुरुस्तीच्या दिवशी वडील हयात असण्याची अट नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली स्पष्ट केले. तरीही भाऊबीजेच्या ओवाळणीबरोबर हक्कसोडपत्रावर सही घेण्याचा रिवाज सुरू आहे. बहिणीने स्वखुशीने हक्क सोडला तर तो तिचा त्याग आहे, त्यास कोणाची हरकत नसावी. मात्र काय सोडत आहोत हे तिने वाचलेले असावे.

कारण येथेही धर्माचाच प्रश्न आहे. श्रावक-श्राविकेच्या पाच अणुव्रतांतील पाचवे व्रत परिग्रहपरिमाणाचे. जमीन, घर, सोने, धन, धान्य यांची मर्यादा स्वतः ठरवावयाची. ज्या श्राविकेला आपल्या नावावर काय आहे हेच माहीत नाही, ती मर्यादा कशाची घालणार? अज्ञानाने अपरिग्रह साधत नाही. म्हणून ताळेबंद वाचावयास शिकणे हे महिला मंडळाच्या कार्यक्रमात भक्तिगीतांइतकेच स्थान मिळण्यास पात्र आहे. यात पतीवर अविश्वास नाही. ज्या व्यापाऱ्याची पत्नी त्याची वही वाचू शकते, तो रात्री अधिक निवांत झोपतो.

सबळ होण्यासाठी वेळ कोठून काढावा, असे भगिनी विचारतात आणि ते खरेही आहे. पण आपल्या पूर्वाचार्यांनी हा वेळ फार पूर्वीच राखून ठेवला आहे. सामायिक म्हणजे एक मुहूर्त, दोन घटिका, अठ्ठेचाळीस मिनिटे. कटासन घातले की त्या अवधीत तिला कोणी हाक मारू शकत नाही. ना दुधवाला, ना सासू, ना फोन. दिवसाच्या चोवीस तासांत एवढाच काळ असा आहे की ज्यात स्त्री कोणाची पत्नी, सून वा आई नसते, ती केवळ एक आत्मा असते. जुन्या काळच्या आजीबाई घरात कितीही माणसे असली तरी सामायिक चुकू देत नसत, आणि त्या घरात त्यांच्याच शब्दाला वजन असे. ते वजन केवळ वयामुळे नव्हते. रोज अठ्ठेचाळीस मिनिटे स्वतःबरोबर बसणाऱ्या व्यक्तीला सहजासहजी कोणी हलवू शकत नाही.

परंतु सामायिकाची ही मर्यादा घरातील इतरांनीही पाळावयास हवी. कटासनावर बसलेल्या सुनेला खुणेने "चहाची साखर कोठे आहे?" असे विचारणारे महाभाग आजही आहेत. तेवढा वेळ पुरुषाने साखरेचा डबा स्वतः शोधावा. तो बहुधा समोरच असतो.

सुवर्णमहोत्सवी वर्षात ट्रस्टने अनेक संकल्प जाहीर केले आहेत. त्यांत तीन लहान गोष्टींची भर घालावी अशी नम्र सूचना आहे. चातुर्मास बसण्यापूर्वी, आषाढ शुद्ध पक्षात, उपाश्रयाच्या सभागृहात सर्व भगिनींची रक्ततपासणी व्हावी आणि त्याचा अहवाल त्या भगिनीच्याच हाती द्यावा, घरच्यांच्या नव्हे. पारण्याची व्यवस्था करणाऱ्या भगिनींचे पारणे त्या दिवशी पुरुष मंडळींनी वाढावे. आणि विश्वस्त मंडळात पुढील रिक्त जागा भरताना भोजनशाळेकडेही एकदा पाहावे. तिथे पन्नास वर्षे धान्याचा, पाण्याचा आणि माणसांचा हिशेब चोख ठेवणाऱ्या विश्वस्त आहेतच, फक्त त्यांचे नाव अजून घटनेनुसार कोणी सुचविलेले नाही.

जय जिनेंद्र!